पुढे आलेल्या कानांची शस्त्रक्रिया : आमचा अनुभव आणि चर्चा

सोनचाफा

नमस्कार. माझ्या अकरा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही कानांची शस्त्रक्रिया गेल्या उन्हाळी सुट्टीत पुण्यात झाली. आम्ही सोलापूरचे. निर्णय घेण्यापूर्वी मी बरेच शोधले, परंतु 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन छायाचित्रांपलीकडे मराठीत फारसे काही हाती लागले नाही. त्या दोन छायाचित्रांच्या मधले सहा आठवडे कसे जातात, हे कोणी लिहिलेले सापडले नाही, आणि आईवडिलांची खरी कसोटी त्याच सहा आठवड्यांत लागते. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मुलाचे कान जन्मापासूनच पुढे आलेले होते. तो लहान असताना घरात त्याचे कौतुकच होत असे. चौथीनंतर मात्र तो केस वाढवू द्या म्हणून हट्ट धरू लागला आणि न्हाव्याकडे जायचे नाव काढले की त्याच्या डोळ्यांत पाणी येई. वर्गात त्याला 'सूप' म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. एके दिवशी तो दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप कानामागे लावून शाळेत गेला. संध्याकाळी ती सोडवताना उजव्या कानामागची कातडी सोलून निघाली, तरी तो हूं की चूं करेना. उद्या पुन्हा लावून देशील का, एवढेच त्याने विचारले. त्या रात्री आम्ही डॉक्टरांना भेटायचे नक्की केले.

पहिल्या भेटीत प्लास्टिक सर्जन आमच्याशी बोलण्याआधी मुलाशी बोलले. हे तुला हवे आहे की आईबाबांना, असे त्यांनी त्याला सरळ विचारले आणि त्याचे उत्तर येईपर्यंत आम्हा दोघांना बोलू दिले नाही. नंतर त्यांनी पट्टीने कानाची कड आणि डोक्याचे हाड यांतले अंतर मोजले. ते साधारणपणे १५ ते २० मिलिमीटर असते. त्याच्या डाव्या कानाचे २७ आणि उजव्याचे २४ भरले. दोन कानांत तीन मिलिमीटरचा फरक आहे, हे अकरा वर्षे रोज त्याचे तोंड पुसणाऱ्या मला कधी जाणवले नव्हते.

कानाच्या बाहेरच्या वळलेल्या कडेच्या आत आणखी एक उभी घडी असते. ती त्याच्या कानांत नीट पडलेलीच नव्हती. डॉक्टरांनी बोटाने कान हलकेच मागे दाबला, तशी ती घडी उमटली आणि त्यांनी ती त्याला आरशात दाखवली. शस्त्रक्रियेत हेच करायचे, फक्त बोटाच्या जागी आतून टाके असतील, असे त्यांनी सांगितले. दोन्ही कान एकमेकांना शोभतील, पण एकसारखे होणार नाहीत, कारण ते कोणाचेच नसतात, हेही त्यांनी त्याच बैठकीत सांगून ठेवले. हे आधी ऐकलेले असल्यामुळे पुढे आमचा बराच मनस्ताप वाचला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सहा तास आधीपासून खाणे बंद आणि शेवटचे दोन तास पाणीही बंद होते. मुलांना बहुधा पूर्ण भूल देतात, त्यालाही दिली. आत दोन तास लागले. छेद कानाच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळे समोरून वण दिसत नाही. शुद्धीवर आल्यावर त्याला दोनदा उलटी झाली. या शस्त्रक्रियेनंतर मुलांना उलट्या होण्याचे प्रमाण जास्त असते, असे भूलतज्ज्ञांनी आधीच सांगितले होते, तरी त्या जाड बँडेजसकट वाकून ओकणाऱ्या लेकराकडे पाहताना माझे हातपाय गळाले. डोक्याभोवती फेट्याएवढे बँडेज होते आणि त्यावरून त्याचा चष्मा बसेना. शेवटी नर्सताईंनी चष्म्याच्या काड्या बँडेजवरून घेऊन मागे नाडीने बांधून दिल्या.

सातव्या दिवशी बँडेज उघडले. कानाच्या प्रत्येक घडीत औषधात भिजवलेले कापसाचे बोळे बसवलेले होते आणि ते सुकून कडक झाले होते. डॉक्टरांनी सलाइनच्या पाण्याने ते एकेक करून भिजवले आणि चिमट्याने अलगद काढले. या कामाला वीस मिनिटे लागली. बँडेजच्या आतले कान जांभळासारखे काळे-निळे, सुजलेले आणि डोक्याला अगदी चिकटल्यासारखे दिसत होते. मी घाबरले. सूज उतरली की ते थोडे पुढे येतात, म्हणून सुरुवातीला जरा जास्तच मागे घेतात, असे मला समजावण्यात आले. मुलाने आरसा मागितला. मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवून तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "दुखतं तेवढं चालेल."

त्यानंतर सहा आठवडे रात्री झोपताना कानांवरून पट्टी बांधायची होती, कारण झोपेत कान दुमडला तर आतले टाके ओढले जातात. उताणे झोपायचे, दोन्ही बाजूंना उशा लावायच्या, डोक्यातून घालायचे कपडे टाळून पुढे गुंड्या असलेले शर्ट वापरायचे, आणि पोहणे, कबड्डी, क्रिकेट सर्व बंद. सोलापूरच्या मे महिन्यात हे किती कठीण जाते, ते मी अनुभवले. घामाने पट्टीखाली पुरळ उठली आणि रात्री दोन-दोनदा पट्टी बदलावी लागली. शाळेचे गणित जमत असेल, तर थंडीच्या दिवसांत करावे असे माझे मत झाले आहे.

कृष्णाकाठ

ताई, इतके बारकाईने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बहिणीची मुलगी चार वर्षांची आहे आणि तिचेही कान असेच आहेत. ती शाळेत जाण्याआधीच करून टाकावे, असे बहिणीच्या सासरचे म्हणतात. एवढ्या लहान वयात करतात का? ऐकू येण्यावर काही परिणाम होतो का? आणि आरोग्य विम्यातून हा खर्च मिळतो का?

सोनचाफा

ऐकण्यावर परिणाम होत नाही, कारण हे सगळे काम बाहेरच्या कानाच्या कूर्चेवर, म्हणजे कानाला आकार देणाऱ्या लवचिक मऊ हाडावर होते. कानाची नळी आणि पडदा यांच्याशी त्याचा संबंध येत नाही. विम्याचे मात्र नाही म्हणूनच धरून चाला. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, अथवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार, एवढे सोडले तर रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत मोडते. आम्ही सर्व खर्च स्वतः केला. रुग्णालयाकडून अंदाजपत्रक घेताना शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, औषधे आणि नंतरची ड्रेसिंगे यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात ड्रेसिंगचा उल्लेखच नव्हता. वयाचे जाणकारांनी सांगितलेले बरे.

शल्यशाळा

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरी शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो.

वयाविषयी. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत कानाची बहुतेक वाढ पूर्ण झालेली असते, त्यामुळे त्यानंतर शस्त्रक्रिया केल्याने कान खुजा राहत नाही. परंतु माझ्या दृष्टीने वाढीइतकेच महत्त्व मुलाच्या समजुतीला आहे. ज्या मुलाला स्वतःला हे नको आहे, ते बँडेज ओढून काढते, पट्टी फेकून देते आणि आपण घातलेले टाके वाया जातात. चार वर्षांच्या मुलीसाठी मी थांबण्याचा सल्ला देईन. ती स्वतः कानांविषयी बोलू लागेल तेव्हा ठरवावे, आणि ती कधीच बोलली नाही, तर विषय तिथेच संपतो.

कान पुढे दिसण्याची मुख्य कारणे दोन आहेत. सोनचाफा यांनी सांगितलेली आतली घडी न पडणे हे पहिले, आणि कानाची मधली वाटी प्रमाणापेक्षा खोल असणे हे दुसरे. कित्येक रुग्णांत दोन्ही असतात. घडी तयार करण्यासाठी कूर्चेच्या मागच्या बाजूने न विरघळणारे टाके घालण्याची पद्धत स्कॉटिश शल्यविशारद मस्टार्डे यांनी १९६३ मध्ये मांडली. वाटी मागे ओढून कानामागच्या हाडावरील आवरणाला बांधण्याची पद्धत फर्नास यांनी १९६८ मध्ये मांडली. आजही या दोन्हींचा आधार घेतला जातो. मुलांची कूर्चा मऊ असल्याने पुष्कळदा नुसत्या टाक्यांवर भागते. प्रौढांची ताठर झालेली असते, म्हणून ती खरवडून किंवा तासून आधी नरम करावी लागते.

निव्वळ वाटी मागे ओढली आणि कानाच्या वरच्या व खालच्या टोकांकडे दुर्लक्ष झाले, तर मधला भाग आत आणि दोन्ही टोके बाहेर असा कान दिसतो. त्याला आम्ही 'टेलिफोन कान' म्हणतो, कारण तो जुन्या रिसीव्हरसारखा दिसतो. म्हणून सल्लामसलतीच्या वेळी, माझ्या कानात नेमका दोष कोणता आणि तुम्ही त्यासाठी काय करणार आहात, हा प्रश्न अवश्य विचारा. तो विचारल्यावर जे डॉक्टर कागदावर कान काढून दाखवतात, त्यांच्याकडे निश्चिंतपणे जावे. प्लास्टिक सर्जरीतील एम. सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पाहून घ्यावी. कान-नाक-घसा तज्ज्ञही ही शस्त्रक्रिया करतात. त्यांनी अशा किती केल्या आहेत, हे विचारण्यात संकोच नसावा. खर्च झेपत नसेल, तर मुंबईची के. ई. एम. आणि शीव रुग्णालये किंवा पुण्याचे ससून येथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत.

थोडे विषयांतर होते आहे, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कान टोचणे आणि फाटलेली पाळी सांधणे याच विषयाला वाहिलेला आहे आणि त्यात सांधण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. त्यांतल्या 'गंडकर्ण' प्रकारात गालाकडचे मांस घेऊन पाळी घडवतात. विद्यार्थ्यांना हा अध्याय वाचून दाखवताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

रानपाखरू

माझे वय एकोणतीस आहे आणि मी ही शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी करून घेतली. मोठ्या वयात करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण आमचा अनुभव मुलांपेक्षा वेगळा असतो.

माझी शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करून झाली. इंजेक्शनची पहिली दोन मिनिटे सोडली तर दुखले नाही, परंतु आवाज सगळे येतात. कूर्चा खरवडल्याचा आवाज कानाच्या अगदी आत, कोरड्या नारळावर किसणी चालावी तसा ऐकू येतो, आणि त्याची कल्पना मला कोणी दिली नव्हती.

आता महत्त्वाचे. त्याच रात्री माझा डावा कान ठणकू लागला. उजवा शांत होता, डावा मात्र तासातासाला वाढत गेला आणि गोळी घेऊनही थांबेना. मी रुग्णालयात दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मला, बँडेजमुळे असे होतेच, सकाळी बघू, असे सांगण्यात आले. सकाळी बँडेज सोडले तेव्हा कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचून गुठळी झाली होती. ती तातडीने काढली आणि कान वाचला, परंतु ती रात्र आणि ते 'सकाळी बघू' हे शब्द मी विसरलेलो नाही. मी रुग्णालयाचे नाव घेत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की, एकाच बाजूचे आणि वाढत जाणारे दुखणे असेल, तर फोनवर समाधान मानू नका, उठून रुग्णालयात जा आणि बँडेज उघडून पाहायला लावा.

बाकी त्रास किरकोळ होते. कानाची वरची कड चार-पाच महिने बधिर होती. हेल्मेट दीड महिना वर्ज्य होते, कारण ते घालताना आणि काढताना कान पुढे ओढला जातो, त्यामुळे कचेरीत बसने जावे लागले. आता कान उत्तम आहेत. मी केस बारीक कापतो.

शल्यशाळा

रानपाखरू यांनी लिहिलेले प्रत्येकाने दोनदा वाचावे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. मध्ये रक्त साचले की हे आवरण कूर्चेपासून उचलले जाते आणि कूर्चा उपाशी पडते. गुठळी वेळेत काढली नाही तर जंतुसंसर्ग होऊ शकतो, किंवा कूर्चा आक्रसून कान कायमचा वेडावाकडा होतो. असा दूरध्वनी आला तर रुग्णाला बोलावून बँडेज उघडून पाहणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, वेळ रात्रीची असो वा पहाटेची. दुसरी धोक्याची खूण म्हणजे तीन-चार दिवसांनी दुखणे पुन्हा वाढणे, लाली, ताप किंवा वास येणारा स्राव.

देवघर

मी वयाने सत्तरीच्या पुढची आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नये. मोठे कान भाग्याचे असे आम्ही ऐकत आलो. आपला गणपती शूर्पकर्ण आहे आणि आपण त्याला हात जोडतो. मुलांनी चिडवले म्हणून निरोगी लेकराला भूल द्यायची, हे माझ्या मनाला पटत नाही. चिडवणाऱ्या मुलांना शाळेने समज द्यायला नको का?

सोनचाफा

आजी, राग कसला? माझ्या सासूबाई शब्दन् शब्द हेच म्हणाल्या होत्या. शाळेने समज द्यायलाच हवी, आणि आम्ही बाईंना भेटलोही होतो; त्यांनी वर्गात सांगितले, चिडवणे महिनाभर थांबले आणि मग ते शिकवणीच्या वर्गात सुरू झाले. तरीही तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. मूल स्वतःच्या कानांसह आनंदात असेल, तर त्याला हात लावू नये. माझ्या धाकट्या मुलीचे कानही भावासारखेच आहेत. ती दोन वेण्या घालून मिरवते, आणि तिच्यासमोर आम्ही हा विषयही काढत नाही.

माडबन

माझी नात बारा दिवसांची आहे. तिच्या एका कानाची वरची कड आत दुमडलेली आहे. घरातल्या बायका तेल लावून रोज ओढून सरळ करा म्हणतात. त्याने होईल का?

शल्यशाळा

ओढू नका, आणि घरी चिकटपट्टीही लावू नका. बाळाची कातडी फार नाजूक असते. मात्र या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. आईच्या शरीरातून आलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे नवजात बाळाची कूर्चा पहिले काही आठवडे मेणासारखी मऊ असते. त्या काळात, शक्यतो पहिल्या तीन आठवड्यांत, साचा बसवून काही आठवडे ठेवला, तर दुमडलेला किंवा पुढे आलेला कान पुष्कळदा शस्त्रक्रियेविना सरळ होतो. पुढे इस्ट्रोजेन उतरत जाते तशी कूर्चा ताठ होते आणि ही संधी निघून जाते. कान जन्मतःच अपुरा घडलेला असेल, तर तो विषय पूर्ण वेगळा आहे. त्यासाठी बरगडीची कूर्चा घेऊन नवा कान घडवतात आणि मूल बरेच मोठे होईपर्यंत थांबावे लागते.

तुळशीवृंदावन

थोडे वेगळे विचारते. माझ्या आईच्या दोन्ही पाळ्या जड झुब्यांनी ओघळून शेवटी फाटल्या आहेत. आमच्याकडे पूर्वी वेल लावून झुब्यांचा भार केसांवर तोलत, तिने ते कधी केले नाही. तिच्या वयात पाळी शिवून घेता येते का? माझ्या मामांना जखमेच्या जागी गाठीसारखे वण येतात, म्हणून भीती वाटते.

शल्यशाळा

अवश्य येते. पाळीत कूर्चा नसते, त्यामुळे हे काम जागा बधिर करून थोड्या वेळात होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. पुन्हा टोचायचे ते साधारण तीन महिन्यांनी आणि शिवलेल्या रेषेवर नव्हे, तिच्या बाजूला. मामांचे वण किलॉइड असू शकतात. कान हे किलॉइडचे आवडते ठिकाण आहे आणि तो प्रकार घराण्यात उतरतो, म्हणून ही माहिती पहिल्याच भेटीत द्या. आईच्या अंगावरचे जुने वण दाखवा. ते सपाट असतील तर ती चांगली खूण आहे.

सोनचाफा

आज सहा महिने पूर्ण झाले म्हणून पुन्हा लिहिते. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. उजवा कान १७ मिलिमीटरवर स्थिर आहे. डावा वरच्या बाजूने किंचित पुढे आला आहे आणि १९ भरतो. डॉक्टर म्हणाले की आता यापुढे फारसा हलणार नाही आणि त्यासाठी काही करण्याची गरज नाही. कानामागचा वण पातळ पांढरा झाला आहे. डाव्या कानामागे बोट फिरवले की कातडीखाली टाक्याची एक बारीक गाठ साबुदाण्याच्या दाण्यासारखी लागते. तिथे लाली आली किंवा दोरा बाहेर डोकावला तर दाखवायला यायचे आहे. परवा तो एकटा सायकलवरून न्हाव्याकडे गेला आणि मशीनने केस बारीक करून आला.

अनेकांनी व्यक्तिगत निरोपातून रात्रीच्या पट्टीविषयी विचारले आहे. बाजारची पट्टी घामात टोचत होती, म्हणून मी जुन्या सुती बनियनचे कापड वापरले. सात-आठ सेंटीमीटर रुंद दुहेरी पट्टी घ्यावी, कपाळ आणि कानांवरून नेऊन मागच्या बाजूला वेल्क्रोने जोडावी, आणि शिवण कानावर येणार नाही असे पाहावे. पट्टीखाली एक बोट सहज सरकले पाहिजे. सकाळी कपाळावर किंवा कानावर वळ दिसला तर ती घट्ट झाली आहे असे समजून लगेच सैल करावी. उन्हाळ्यात अशा किमान पाच पट्ट्या शिवून ठेवाव्यात.